बिनमिठाचं पाणी

२८ डिसेंबर

आजच्या क्लबाच्या बैठकीत मी एकटीच शुद्धीवर होते. बाकीचे अजून नाताळच्या जेवणावरून उठलेले नाहीत. विषय काय, तर थंडी फार आहे म्हणून एक जानेवारीचा बाल्ग्रे गावाबरोबरचा सामना रद्द करायचा का. रद्द? पिटकार्नीच्या गोल्फ क्लबाला पहिल्यांदा बाई कॅप्टन मिळाली आणि तिच्या पहिल्याच हिवाळ्यात सामना रद्द? बाल्ग्रेवाले माझ्या मयतालासुद्धा हेच चघळतील.

सेक्रेटरी ड्यूअर निवृत्त वकील. त्याने चष्मा पुसून नियम वाचला: हिवाळ्यात मैदान उघडायचं की बंद ठेवायचं, हे गवत राखणाऱ्या एकट्या मुकादमाने ठरवायचं. कॅप्टनलाही त्यात तोंड घालता येत नाही.

"मग विचारा मुकादमाला. वॉटी, बोल."

वॉटी गेडिस दाराशी उभा होता. तो बैठकीत कधी बसत नाही. "जमीन गोठलेलीच असणार. भोकांभोवतीच्या खऱ्या हिरवळींवर कुणाला पाय ठेवू देणार नाही. बाजूला तात्पुरत्या कापून ठेवल्यात, त्यावर खेळा. लाकडी पायऱ्यांवर मी पहाटे वाळू टाकतो. कबूल असेल तर उघडतो."

"मीठ टाक की. चटकन वितळेल," कुणीतरी म्हणालं.

"मीठ तुझ्या सूपमध्ये टाक. माझ्या गवताच्या आसपास मीठ दिसलं तर बघा! जळून जातं ते."

कबूल म्हटलं. वॉटीचं आणि माझं जुनं आहे. मी सत्तावीस वर्षं गाडीच्या परवान्याच्या परीक्षा घेतल्या, या किनाऱ्यावरची निम्मी माणसं माझ्या हातून नापास झाली. वॉटी दोनदा. जाता जाता म्हणतो कसा, "कॅप्टनबाई, सामन्यात तरी आरसा बघायला सांगू नका." मेला अजून विसरलेला नाही.

१ जानेवारी, सकाळी

सगळ्यांच्या आधी आले. हवा अशी कडकडीत की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं. वॉटीचा ट्रॅक्टर लांब समुद्राच्या बाजूला घरघरतोय. पहिल्या फटक्याच्या जागेकडे उतरणाऱ्या पायऱ्या बघितल्या तर पांढऱ्याफटक! दहिवराचा हा जाड थर. वाळू टाकणार होता म्हणे. मला तर कणही दिसला नाही, अर्थात उजाडलंही नव्हतं नीट.

आमच्या आईचं म्हणणं, वर्षाच्या पहिल्या सकाळी उंबरा गरम पाण्याने धुतलेला पाहिजे, मगच पाहुण्याचं पहिलं पाऊल. पाण्यात मूठभर मीठ, म्हणजे अवदसा वर्षभर दारात फिरकत नाही. बंदरावरच्या सगळ्या बायका करायच्या. मीही दरवर्षी करते, आजही घरचं करूनच निघाले. आता क्लबाचा पहिला पाहुणा म्हणजे बाल्ग्रेचा कॅप्टन. त्याने काय बुरशी आल्यासारख्या पायऱ्या उतरायच्या? चहाचा बंब तापलेलाच होता. बादल्या भरभरून वरपासून खालपर्यंत ओतल्या आणि खराट्याने खसाखसा झाडून काढलं. पायऱ्या काळ्याभोर निघाल्या, नुसती वाफ! मीठ मात्र नाही टाकलं, वॉटीच्या गवतापायी. इतकं मन मी कुणाचं राखत नाही. त्याला सांगणारही नाही. माझ्या कामात हात घातला म्हणून आठवडाभर तोंड फुगवून बसेल.

आज आम्ही जिंकणार. अंगात आलंय माझ्या.

१ जानेवारी, संध्याकाळी

सामना झाला नाही. नेटा पडली.

नेटा कारगिल, माझी शाळेपासूनची मैत्रीण. पाहुण्यांच्या आधी जायचं नसतं, पण नेटाला कुठे धीर? "म्हाताऱ्यांनो, या मागून," म्हणत निघाली, दुसऱ्या की तिसऱ्या पायरीवर पाय सटकला आणि थेट तळाशी. पालथी, तोंड गवतात. आवाज ऐकला मी. लाकूड मोडल्यासारखा होता तो.

मी बसत बसत खाली उतरले. तिने मान वळवली आणि थू थू करून वाळू थुंकली. "एल्स्पेथ, दात बघ गं माझे. नवे आहेत." दात धड होते, फक्त वाळूने भरलेले. मग पाय हलवायला गेली आणि जी किंचाळली, ती किंकाळी अजून कानात आहे.

वॉटी धावत आला. पायरीवर त्याने तळहात फिरवला. काळी काच नुसती. "मी वाळू टाकली होती," तो म्हणाला. सगळ्यांनी पायऱ्यांकडे बघितलं. एक कण नाही. "टाकली होती," तो परत म्हणाला, पण यावेळी आवाज खाली गेला. रुग्णवाहिका आली तेव्हा बर्फ पडायला लागला होता. पायऱ्या, गवत, सगळं झाकून गेलं.

खुब्याचं हाड मोडलंय. मला इतका संताप आलाय! एक काम होतं त्या माणसाला. मी एवढ्या पायऱ्या स्वच्छ करून ठेवल्या, त्यावर चार मुठी वाळू टाकायला काय झालं होतं?

३ जानेवारी

हाड बसवलं. नेटा गुंगीत होती, तरी मला बघून म्हणाली, "रडू नकोस, नाक लाल होतं तुझं, आधीच मोठंय." परत खेळता येईल का, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं. आधी चालू दे, म्हणाल्या. नेटा आणि खेळ नाही, हे मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. पण उभी राहीलच ती. हट्टी आहे.

ड्यूअर घरी आला होता. विमावाल्यांनी बजावलंय: कुणी 'चुकलं' म्हणायचं नाही, 'माफ करा' म्हणायचं नाही, फुलं पाठवली तर चिठ्ठीत नुसतं 'लवकर बऱ्या व्हा'. "झाकली मूठ सव्वा लाखाची, एल्स्पेथ," म्हणाला.

"मूठ झाकायची कशाला? चूक कुणाची ते उघड आहे. मुकादमाने मैदान उघडलं, मुकादमाने वाळू टाकली नाही."

"तेच तर म्हणतोय. क्लबाची चूक नको, एका माणसाची निघाली तर बरं."

त्याच्या तोंडून ऐकल्यावर ते तितकंसं बरं वाटलं नाही. पण सत्य ते सत्य.

७ जानेवारी

चौकशी झाली. मी, ड्यूअर आणि समोर वॉटी. आज पहिल्यांदा खुर्चीवर बसला.

"वाळू टाकल्याचं तुला आठवतंय?" ड्यूअरने विचारलं.

"आठवतंय. बादली काखेत धरली होती. बोटं बधिर झाली होती." मग तो आपल्या बोटांकडे बघत म्हणाला, "पण आदल्या दिवशीही टाकली होती ना. कदाचित मला आदल्या दिवशीचंच आठवत असेल. आईचं असंच व्हायचं. सकाळी आंघोळ केली म्हणायची. केलेली असायची, पण चार दिवसांपूर्वी."

वॉटीची आई नॅन. शेवटी वॉटीलाच पाववाला समजायची, सुटे पैसे द्यायची त्याला. सगळ्या गावाला माहीत आहे.

मी म्हटलं, "वय झालं, वॉटी. कुणाचं चुकत नाही?" चांगल्या मनाने म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला शिक्षा वाचून दाखवली.

मी पायऱ्या धुतल्याचं सांगावं का, असं एकदा मनात आलं. पण ड्यूअरने विचारलं नाही, आणि त्याचा इथे संबंध काय? मी दहिवर काढलं. काढलं नसतं तर नेटा पहिल्याच पायरीवर घसरली असती. उगीच नसता फाटा फुटायचा.

११ जानेवारी

वॉटीची बायको आयला आली. चहा घेतला नाही, कोटही काढला नाही.

"तो झोपत नाही, एल्स्पेथ. दार लावलं का, शेगडी विझवली का, मला दहादा विचारतो. परवा स्वतःच्या बहिणीचं नाव चटकन सुचलं नाही तर ढसाढसा रडला. अगं, मलाही नाही सुचत कधीकधी! डॉक्टरांची वेळ मार्चमधली मिळालीये. तोवर हा माणूस संपेल."

"गाडी चालवतो का अजून?" मी विचारलं. सवयच माझी.

"म्हणूनच आले. तू बघतेस का जरा? तू नीट चालवतोय म्हणालीस तर विश्वास बसेल त्याचा. तुझ्याइतकी खडूस दुसरी कुणी नाही."

गेले. बंदराच्या रस्त्याने नेलं त्याला. काय सांगू! वळणावर आरसा नाही, चौकात गाडी बंद, चर्चच्या भिंतीला आरसा घासता घासता राहिला. बाजूला घ्यायला लावली. तोंड कडू झालं माझं, पण सत्तावीस वर्षांत कुणाची भीड धरली नाही ती आज कशाला धरू? म्हटलं, "वॉटी, किल्ली आयलाकडे दे. तू आता रस्त्यावर नको."

"तिसऱ्यांदा," तो म्हणाला आणि किल्ली माझ्याच हातात ठेवली. हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. किल्ली मी आयलाला नेऊन दिली.

कोणीतरी सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं. मग जेवण का जाईना?

१६ जानेवारी

वॉटीने राजीनामा दिला. चोवीस तारखेच्या सर्वसाधारण सभेत मंजूर होईल. ड्यूअर खुशीत आहे, विमावाले खुशीत आहेत. मीही असायला हवं. त्या गवतात वॉटी लहानाचा मोठा झालाय, त्याचा बापही तिथलाच मुकादम. आज बघितलं तर वॉटी गवत कापायच्या यंत्रांच्या शेडमध्ये एकटा बसून पाती घासत होता. प्रत्येक पात्याला खडूने खूण करत होता, घासून झालं हे पुढे कळावं म्हणून. मला बघून ओशाळला.

नेटाचा फोन. "त्याला काढताय म्हणे? माझं हाड मोडलं, त्याची खुर्ची कशाला मोडता?"

"वाळू टाकली नाही त्याने, नेटा."

"हो का? मग मी आठवडाभर दातातून काय काढत होते, साखर?"

तळाला मैदानाची वाळू असेल, म्हटलं. आता वाटतं, तिथे खेळातला वाळूचा खड्डा कुठे आहे? बघू. वाऱ्याने आली असेल.

२४ जानेवारी, दुपारी

घाईत लिहितेय, अक्षर येईल तसं येईल.

नेटाला आज रुग्णालयातून सोडणार होते. तिच्या घराला जिना, म्हणून महिनाभर माझ्याकडे राहायचं ठरलंय. कालपासून परत तसलाच गारठा. फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर बर्फ वितळायला मीठ टाकलं, डबा रिकामा झाला. मग वाटलं, नेटा मरणाच्या दारातून परत येतेय, नव्या वर्षातलं तिचं माझ्या घरी पहिलं पाऊल, उंबरा धुवावा. मीठ नसलं तर नसलं. किटली ओतली, झाडून काढलं, काळीभोर पायरी, वाफ. आत जाऊन तिच्यासाठी खुर्चीवर उशा रचल्या, सूप ढवळलं. गाडीचा आवाज आला म्हणून दार उघडून बाहेर पाय टाकला आणि दाणकन बसले. बूड सडकून निघालं. आधी मला हसूच फुटलं. मग हात टेकला तर खाली काच.

तीच काच.

हसू जागच्या जागी मेलं. वाटेवरचं मीठ बर्फासाठी आणि पाण्यातलं मीठ नशिबासाठी, या दोन गोष्टी मी जन्मात कधी एकत्र आणल्या नाहीत. आईचा उंबरा का गोठत नव्हता? मीठ होतं म्हणून! आणि क्लबाच्या पायऱ्यांवर मी काय ओतलं? बिनमिठाचं. बादल्यांनी. वर खराटा. दहिवराखाली वाळू असणार, ती मीच तळाला लोटली. नेटाच्या दातात गेली ती वॉटीची वाळू. त्याने टाकली होती. आठवत होतं ते खरं होतं. त्याच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं, आणि मी त्याला म्हटलं वय झालं, आणि त्याची किल्ली काढून घेतली.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशी देणारी कोण, तर चोरच.

नेटा फाटकाशी गाडीत. मी ओरडले, "उतरू नकोस! हलू नकोस!" राख आणून ओतली, घासली, मग तिला वॉकरसकट आत घेतलं. कोट काढायच्या आधीच सगळं सांगितलं.

ती उशांना टेकून बसली. म्हणाली, "रात्री कूस बदलताना मी आईला हाक मारते, एल्स्पेथ. या वयात."

"काय करू सांग."

"मला राग आलाय आणि तो राहू दे थोडे दिवस. सूप ठेव झाकून. वॉटीकडे जा आधी."

ड्यूअरला फोन केला. त्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला. "कुणी बघितलं का तुला? नाही ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला? मुकादम स्वतःहून जातोय. कॅप्टनने अधिकार नसताना पायऱ्या धुतल्या म्हटलं की विमावाले हात वर करतील, आणि दावा कुणावर येईल? तुझ्यावर! घरदार आहे तुझं."

"ड्यूअर, चूक कुणाची हे ठरवण्यात माझं आयुष्य गेलं. आता नाही चुकवत."

निघतेय.

२५ जानेवारी

काल गेले तेव्हा वॉटी शेडमध्ये आपलं सामान खोक्यात भरत होता. मी उभ्याउभ्या सांगितलं. पाणी, खराटा, मीठ, नेटाचे दात.

त्याने खोकं खाली ठेवलं. म्हणाला, "परत सांग."

परत सांगितलं.

"तू वाळू बघितलीस?"

"नाही. वर दहिवर होतं."

"मग तुला काय माहीत ती होती?"

तो ताडकन उठला आणि पायऱ्यांकडे निघाला, मी मागून धापा टाकत. तळाशी गुडघ्यांवर बसून नुसत्या हातांनी बर्फ उकरायला लागला. वरचा मऊ, खालचा कडक. नखांतून रक्त आलं. आणि खाली गवतात वाळू होती. चांगली ओंजळभर, एका बाजूला वाहून गेल्यासारखी. त्याने मुठीत घेतली, पिळली.

"मी टाकली होती," तो म्हणाला.

"टाकली होतीस."

"मला आठवत होतं."

"बरोबर आठवत होतं, वॉटी. माझं चुकलं. मला माफ—"

"गप्प बस! माफ-बिफ काही नाही. तीन आठवडे मी माझ्या बायकोचं नाव रोज सकाळी मनात म्हणून बघतोय. कळतंय तुला? सभेत सांगायचं. हे असंच, सगळ्यांसमोर."

त्याच संध्याकाळी सभेत सांगितलं. ड्यूअर मध्ये दोनदा खाकरला, मी त्याला खाली बसवलं. "पाणी मी ओतलं. वाळू त्याने टाकली होती, मी ती धुऊन टाकली. नेटाचं हाड माझ्या पाण्यावर मोडलं. विमावाल्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. कॅप्टनपदाचं तुम्ही ठरवा, तोवर मी खुर्ची रिकामी करतेय." कॅप्टनपदाचं पुढच्या महिन्यात ठरेल. जाईल असं वाटतं, आणि जायलाच हवं. वॉटीचा राजीनामा मात्र त्याचा त्यानेच टेबलावरून उचलून खिशात कोंबला. कुणाला विचारलं नाही.

बाहेर आले तर आयला गाडीशी उभी. तिने पर्समधून किल्ली काढून त्याला दिली. माझ्याकडे बघितलंही नाही. मी चालायला लागले, तर हाक आली, "कॅप्टनबाई, बसा. मी सोडतो."

आयला मागे, मी पुढे. बंदराच्या रस्त्याने निघालो. वेग जास्त होता. वळण आलं, आरसा बघितला नाही. सवयीने ओठांवर आलं होतं, मी तोंड मिटून घेतलं. चर्चची भिंत इतकी जवळून गेली की मी दाराचा दांडा धरला. माझ्या फाटकाशी त्याने करकचून ब्रेक लावला.

"बोल ना. वळणावर मी आरसा नाही बघितला."

"नाही बघितलास."

"विसरलो नव्हतो," वॉटी म्हणाला. "मुद्दाम नाही बघितला. कळलं? मुद्दाम."

आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो मोठ्याने रडायला लागला. आयलाने मागून त्याचे खांदे धरले. मी हात लांब करून गाडी बंद केली आणि त्याचं रडू ओसरेपर्यंत तिथेच बसून राहिले.